जैतुनबीचं दार

किती वर्षं झाली ते विचारू नका. कवठाळीत वर्षं लिहून ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. कापसाची पऱ्हाटी तेव्हाही काळ्या मातीत उगवायची, बोरीला तेव्हाही काटे होते आणि थंडी पडली की माणसाला तेव्हाही दुलई लागायची. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कवठाळी हे वऱ्हाडातलं गाव. गावाच्या उगवतीला पिंजाऱ्यांची आळी होती, बारा घरांची. कापसातली सरकी वेगळी झाली की उरलेली रुई या आळीत यायची. पिंजारी ती कमानीनं पिंजायचे. कमान म्हणजे पुरुषभर लांबीचं लाकडी धनुष्य आणि त्याला आतड्याची तात. तातेवर लाकडी मोगरी मारली की तात रुईत थरथरायची, रुई फुलून यायची आणि तिच्यातली माती, वाळलेली पत्ती, काडीकचरा सगळं उडून बाहेर पडायचं. बाहेर म्हणजे कुठं, तर त्याच खोलीत. कारण पिंजताना दार लावून घ्यायचं, अशी आळीची रीत होती. नुसतं लावायचं नाही, फटीत ओलं पोतंही कोंबायचं. दार उघडलं तर वाऱ्यानं रुई उडेल आणि तिच्याबरोबर घराची बरकतही उडून जाईल, असं म्हणत.

आता तुम्हीच सांगा, त्या धुळीनं जावं तरी कुठं? ती पिंजाऱ्याच्या छातीत जायची. तिशीत खोकला लागायचा आणि चाळिशीच्या आत माणूस आटपायचा. बापाचं तेच, आज्याचं तेच. कवठाळीच्या पिंजाऱ्याची दाढी संध्याकाळी पांढरी असायची आणि सकाळी काळी, असं म्हणतात. संध्याकाळी ती रुईनं माखलेली असायची आणि सकाळी धुतली की पुन्हा काळी व्हायची. धुतल्यावरही पांढरी राहील, एवढं वय त्या आळीत कुणाला मिळालंच नव्हतं.

या आळीत दौलत पिंजारी राहायचा. जैतुनबी त्याची बायको. दौलतभाई अडतीस वर्षांचा होता आणि आळीतला सगळ्यात थोरला होता. हसू नका, खरंच सांगतो. भांडण मिटवायला, लग्नाची बोलणी करायला, रीतभात सांगायला लोक या काळ्या दाढीच्या म्हाताऱ्याकडे यायचे. त्या वर्षी त्याचा खोकला एवढा वाढला की मोगरी हातातून गळून पडायची. जैतुनबीनं शेजारच्या गावच्या हकिमाला आणलं. हकिमानं दौलतच्या पाठीला कान लावला आणि आतली घरघर ऐकली. मग जैतुनबीला अंगणात बोलावून त्यानं सांगितलं, "बेटी, हा हंगाम त्यानं त्या बंद दाराआड काढला, तर पुढचा कापूस त्याला दिसायचा नाही."

जैतुनबी घरात आली आणि पहिल्यांदा दाराच्या फटीतलं पोतं उपसून तिनं बाहेर फेकलं. दौलतभाईनं ते उचलून पुन्हा आत आणलं.

"माह्या बापानं कधी दार उघडलं नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच तं मले सासरा पाह्यले भेटला नाही," ती म्हणाली.

दौलतभाईनं पोतं पुन्हा फटीत कोंबलं. दार काही उघडलं नाही. माणूस हट्टी होता, आणि बारा घरांत थोरला म्हणवून घ्यायचं तर रीत मोडून कसं चालेल? शिवाय त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दार उघडलं की रुई उडायचीच. खळ्यावर ज्वारी उफणताना वारा भूस नेतो आणि दाणा खाली पडतो, कारण दाणा जड असतो. इथं सगळं उलटं होतं. जे ठेवायचं ते हलकं आणि जे टाकायचं ते जड.

जैतुनबीला झोप लागेना, घास गोड लागेना. पण हात बांधून बसणारी बाई नव्हती ती. हंगाम सुरू झाला होता. कापसाच्या गाड्या शेतातून गावात यायच्या त्या वाटेला दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळीचं काटेरी कुंपण होतं. गाडी घासून गेली की काट्यांना कापसाचे पुंजके लटकून राहायचे. एका सकाळी सरपणाला गेलेली जैतुनबी ते पुंजके वेचून ओटीभर घेऊन आली. सरकी काढली आणि दौलतभाईसमोर ती रुई टाकली. त्यानं ती पिंजली. पिंजून झाली तरी खोकला आला नाही. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले, कारण खोलीत धूळच उठली नव्हती.

दुसरा कुणी असता तर देवाची कृपा म्हणून गप्प बसला असता. जैतुनबी उठली आणि तडक त्या वाटेवर जाऊन कुंपणासमोर बसली. सूर्य डोक्यावर येईपर्यंत ती तिथंच होती. काट्यानं पुंजका धरून ठेवला होता आणि वारा त्यातून आरपार जात होता. माती गळत होती, पत्ती गळत होती, कापूस मात्र जागच्या जागी. त्या दिवशी बोरीची फांदी आपणहून तिच्यासमोर वाकली, असं म्हणतात. मी काही तिथं नव्हतो. पण बोरीनं असं काही केलं असेल, तर ते योग्य माणसापुढं केलं, एवढं मी म्हणेन.

ती थेट उकंडा सुताराकडे गेली. गावातले सरकी काढायचे रेचे आणि गाड्या यानंच केलेल्या. तोंडानं फटकळ, हातानं देवमाणूस. दौलतभाईचा मोठा भाऊ त्याचा जिवाभावाचा दोस्त होता, आणि तोही त्याच खोकल्यानं गेला होता.

"भाऊ, एक ढोल पाह्यजे लाकडाचा. वरून समदे काटे," ती म्हणाली.

"अन् वाजवणार कोन तो? काटे टोचून घेऊन?"

"वाजवाचा नाही. फिरवाचा. काट्यानं रुई धरून ठेवाची, अन् वाऱ्यानं कचरा न्यावा. मंग दार उघडता येते, भाऊ."

उकंडानं रंधा खाली ठेवला. दोस्ताची आठवण आली असावी. तो सागाचा ओंडका शोधायला उठला.

पहिलं यंत्र झालं ते बाभळीच्या काट्यांचं. ओंडका गोल तासला, त्यावर ओळीनं लांब सरळ काटे रोवले, फिरवायला दांडा लावला आणि खाली कचरा पडायला बांबूच्या कामट्यांची जाळी केली. रुई घातली, दांडा फिरवला, आणि रुई जी काट्यांत शिरली ती बाहेर यायचं नावच घेईना. साळिंदरानं दुलई पांघरावी तसा तो ढोल दिसू लागला. ओढून काढावी तर चिंध्या हातात. दौलतभाई ते बघून हसायला लागला. पुष्कळ दिवसांनी तो हसला होता. पण हसता हसता ढास लागली, ती थांबेना, आणि समोरच्या पांढऱ्या रुईवर तांबडा थेंब पडला. मग कुणीच हसलं नाही. जैतुनबीनं तेवढी रुई मुठीत लपवली आणि उकंडाकडे पाहिलं. तिला फार भीती वाटली होती. आता हातात दिवस थोडे आहेत हे दोघांनाही कळलं.

उकंडा चिडून ढोल गाडीत घालून निघाला. वाटेत टाकून देतो म्हणाला. जैतुनबी मागं मागं. त्याच कुंपणापाशी तो ढोल उतरवायला वाकला आणि त्याची बाही बोरीत अडकली. तो हिसका द्यायला लागला.

"वढू नका भाऊ, फाटन," जैतुनबी म्हणाली. "बोर हाय ते. मांगं सरा, मंग सुटते."

तो मागं सरला आणि बाही सुटली. यात नवल काहीच नाही, आमच्याकडे चालता येऊ लागलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. बोरीचा काटा वाकडा असतो. एका अंगानं धरतो, दुसऱ्या अंगानं सोडतो. पण त्या दिवशी ही दोघं वाटेत तशीच उभी राहिली. उकंडानं बाही पुन्हा मुद्दाम अडकवली आणि पुन्हा मागं सरून सोडवली. तीनदा केलं म्हणतात त्यानं तसं. मग ढोल परत गाडीत चढवला.

नवं यंत्र बोरीच्या काट्यांचं झालं. मोठ्या ढोलावर सगळे काटे एका दिशेला वाकलेले, रुई धरायला. त्याच्याशेजारी लहान ढोल, काटे उलट्या दिशेला, धरलेली रुई सोडवून घ्यायला. जैतुनबीनं हजार काटे निवडले, सारख्या बाकाचे. तिच्या बोटांतून रक्त यायचं, पण काट्यावर रुई ठेवली की तिला डाग लागायचा नाही, असं म्हणतात. मग मागच्या भिंतीला उकंडानं झरोका पाडला, म्हणजे तिकडून वारा आत येईल आणि पुढच्या दारातून कचरा घेऊन बाहेर जाईल.

आता राहिलं फक्त दार. ते थोरल्यानंच उघडायचं होतं, नाहीतर आळीनं मानलं नसतं. सारं गाव अंगणात जमलं. बायकांनी लुगडी पसरून धरली होती, उडालेली रुई झेलायला. आतमध्ये दौलतभाई भिंतीला टेकून बसला होता. जैतुनबी त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी तुमच्या रीतीचा अपमान करत नाही," ती म्हणाली. "मले फक्त तुमी पाह्यजे."

दौलतभाईनं तिच्या बोटांकडे पाहिलं. मग उठला, फटीतलं पोतं काढलं आणि कडी सरकवली.

उकंडानं दांडा फिरवला. झरोक्यातून वारा आला, ढोलावरून गेला आणि दारातून बाहेर पडला. धूळ निघाली ती तपकिरी लोट होऊन निघाली. अंगणातले लोक बाजूला झाले. तो लोट आळीवरून गेला, गावावरून गेला, आणि त्यातून खोकल्याचे आवाज येत होते, असं म्हणतात. दौलतच्या बापाचा, आज्याचा, भावाचा. उकंडानं दोस्ताचा खोकला ओळखला. तीन पिढ्यांचा खोकला त्या सकाळी कवठाळीच्या शिवेबाहेर गेला आणि गायरानापलीकडे जाऊन पडला. तिथं आज एक टेकाड आहे. त्यावर पऱ्हाटी दोन पुरुष उंच येते.

आणि रुई? दाराबाहेर एक तंतूही गेला नाही. बायका रिकामी लुगडी धरून उभ्याच. लहान ढोलावरून रुई खाली उतरत होती, दुधावरच्या सायीसारखी. दौलतभाई दारात उभा होता. त्यानं एक श्वास घेतला. मग दुसरा घेतला, आणि मधे खोकला आला नाही. मग तिसरा. जैतुनबी उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून खूप वेळ रडली. कुणी तिला समजावायला गेलं नाही, कारण रडणं कशाचं आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. जीव भांड्यात पडला की माणूस असंच रडतं.

त्या हंगामात आळीतली बाराही दारं उघडली. पुढं काट्यांच्या जागी लोहारानं लोखंडी आकडे केले, पण बाक बोरीचाच ठेवला. दौलतभाईला पुढचा कापूस दिसला, त्याच्या पुढचाही दिसला. नातवंडं झाली. असेच दिवस गेले आणि एका सकाळी जैतुनबी त्याच्या हातावर पाणी घालत होती. तो दाढी धूत होता. धुतली, चोळली, पुन्हा धुतली.

"आजून रुई हाय का?" त्यानं विचारलं.

जैतुनबी वाकून बघत राहिली. "नाही," ती म्हणाली. "रुई गेली कधीचीच. आता हे पांढरं तुमचंच हाय."

दोघंही गेली त्याला युगं लोटली. आता कवठाळीत विजेवर चालणारी यंत्रं आहेत. पण नव्या हंगामाची पहिली रुई आली की यंत्र लगेच सुरू करत नाहीत. आधी सगळी दारं उघडतात. मग आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला जैतुनबीच्या उंबऱ्यावर बसवतात आणि त्याच्या दाढीला थोडी रुई लावतात. घरातली थोरली बाई तांब्याभर पाणी घालून ती दाढी धुते. लोक श्वास रोखून बघतात, जसं काही आधी ठाऊकच नाही. मग ती बाई मोठ्यानं सांगते, "पांढरीच हाय."

तेव्हा कुठं यंत्र सुरू होतं.