चाकं नसलेली गाडी

सन १९८७चा आश्विन. सभापती आबासाहेब शिंत्र्यांची नवी जीप चांदेवाडीच्या ओढ्यात रुतली. गोदाक्कांनी आपले रेडे जुंपून ती बाहेर काढली आणि सभापतींना ओसरीवर चहा दिला. वीस घरांना पूल कशाला, असं म्हणणारे सभापती हेच. गोदाक्कांच्या सुनेचे दिवस मात्र पुढच्या पावसाच्या तोंडावर भरणार होते.

"अक्का, उपकार झाले. काय देऊ, सांगा."

"आधी चहा घ्या."

चहा फुरकत सभापती रंगात आले. "आता पुण्याहून खास गाडी बनवून घेतो. मऊ गाद्या, आत गारवा. चिखलात रुतायची नाही, पुरात अडायची नाही, ओढा ओलांडताना बशीतला चहा हलायचा नाही. अजून काय हवं तिच्यात?"

"गादी नि गारवा सोडा, आबासाहेब. बाकी सगळं करणारी वस्तू इथंच बनते," गोदाक्का म्हणाल्या. "तिला चाकं नसतात. ती ओढ्यावर नुसती उभी असते. तेवढी द्या."

ओसरीवर जमलेली माणसं खदखदून हसली. सभापतींनी बशी खाली ठेवली आणि तेही हसले.

ज्येष्ठात नव्या पुलावरून पहिली एसटी दवाखान्याच्या गावाला गेली. तिच्यात गोदाक्कांची सून होती. सभापतींचं देणं फिटलं.