दोन गणकांचं ग्रहण

नदीकाठच्या एका राज्यात ग्रहणाची वेळ दोन गणक काढत. दोघांची घरं वेगळी, गणिताच्या रीतीही वेगळ्या. ठरलेल्या दिवशी दोघं दरबारात आपापलं उत्तर वाचत. जुळलं नाही, तर तिथंच धुळीच्या पाटीवर पुन्हा आकडे मांडून चूक शोधत.

जयराम आणि धोंडभट यांनी हे काम चाळीस वर्षं केलं. काय भांडत दोघं!

"धोंड्या, तुझ्या गणितात चंद्र लंगडतो की काय?" जयराम विचारी.

"तुझा तर वाट चुकून पाताळात गेलाय!" धोंडभट उलटून म्हणे.

भांडता भांडता चूक सापडे, मग दोघं एकाच ताटात पोहे खात. पुढं म्हातारपणी ते दिवस आठवले, की जयराम एकटाच हसे.

कालांतरानं धोंडभटाची नजर मंदावली. पाटीवरचे आकडे पुसट दिसू लागले. "म्हाताऱ्याला आता घरी बसवा," अशी दरबारात कुजबुज सुरू झाली.

त्या वर्षी पौष अमावस्येला सूर्यग्रहण होतं. धोंडभटानं आधी वाचलं, "सूर्योदयानंतर तेरा घटिकांनी." जयरामाच्या कागदावर पंधरा घटिका होत्या. खरं सांगितलं, तर मित्राचं आसन जाणार! त्यानं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "माझंही तेच. तेरा."

दरबार खूश झाला. दरबाराला काय, उत्तर जुळलं की झालं!

ग्रहणाच्या दिवशी तेराव्या घटिकेला सारं गाव स्नानासाठी नदीत उतरलं. सूर्य लख्ख. लोक गार पाण्यात कुडकुडत उभे.

"ग्रहण वाटेत जेवायला थांबलं वाटतं!" एक बाई म्हणाली आणि हशा पिकला.

दोन घटिकांनी, म्हणजे जवळजवळ पाऊण तासानं, सूर्याला काळी कड आली.

धोंडभट ओलेत्यानंच जयरामाजवळ गेला. "जयरामा, आपल्या रीती वेगळ्या. मग दोघं अगदी सारखेच कसे चुकलो?"

जयराम धोतराचा ओला सोगा पिळू लागला.

"तुझं उत्तर किती आलं होतं?"

"पंधरा," जयराम पुटपुटला. "तुझी लाज राखायला मी..."

"लाज? अरे, चाळीस वर्षं मला चुकायची भीती वाटली नाही. का? पलीकडच्या घरात तू होतास म्हणून. आता तिथं कोण आहे?"

त्या दिवसापासून धोंडभटानं पाटी हातात धरली नाही. जयराम एकटाच ग्रहणं काढत राहिला. त्याचं उत्तर दरबार मुकाट्यानं मान्य करी. गणित संपलं, तरी तो बराच वेळ पाटीसमोर बसून राही. भांडायला कुणी येत नसे.

तात्पर्य: मित्राची चूक दिसत असून गप्प बसणं ही माया नव्हे. त्यामुळं मित्र एकटा पडतो, आणि आपणही.