आधी सुरगाठ, मग निरगाठ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्यात कैदेची वर्षं कागदावर लिहीत नसत, दोरावर बांधत.

शिक्षा सुनावली की न्यायाधीश एका दोराला गाठी मारायचे. आता कैद बारा वर्षांची म्हणून गाठीही बारा, असं नव्हतं. जितक्या गाठी, तितकी वर्षं कैद्यानं सुटकेचा शब्दसुद्धा काढायचा नाही. दर वर्षी एक गाठ सुटायची. सगळ्या सुटल्या की मगच तो विचारू शके, "आता मला सोडता का?"

त्या राज्यात दोर वळणारा एक माणूस होता. एकदा घाईघाईत त्यानं दोराच्या नव्या वाखात, म्हणजे तंतूंत, जुना, कुजका वाख मिसळला आणि तो दोर एका विहीर खणणाऱ्याला दिला. दोर तुटला. विहीर खणणारा खाली कोसळला. जीव वाचला, पण एका पायानं तो कायमचा अधू झाला.

दोरवाल्यानं गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि बारा वर्षं सांगितली. अशा गुन्ह्याला गाठी सहा-सात पडत. दरबारच्या वकिलानंही "सात पुरेत" म्हटलं. न्यायाधीश घरी गेले, दार लावून घेतलं आणि दोराला करकचून दहा निरगाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी दोर तुरुंगाच्या दारावर लटकत होता. दोरवाल्याच्या म्हाताऱ्या आईनं गाठी मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि ती घरी गेली.

आता तिथल्या राणीला एक खोड होती. मनात आलेला प्रश्न विचारल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. ती तुरुंग बघायला आली तेव्हा दोरवाल्यापाशी थांबली.

"बारा वर्षं जास्त वाटतात का रे?"

"नाही, राणीसाहेब. त्या माणसाचा पाय गेला. बारा वर्षांबद्दल मला विचारलं होतं, मी बोललोही होतो. ती वर्षं माझीच. पण या दहा गाठी कुठून आल्या, ते मला ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"सगळे सहा-सात म्हणत होते, म्हणून मी गप्प राहिलो. दहाचा विचार चाललाय हे कळलं असतं, तर तोंड उघडलं असतं. माझी आई दहा वर्षं काढायची नाही हो."

राणीनं तिथल्या तिथे न्यायाधीशांना बोलावलं. "दहा का?"

"खटला चालू असताना याचे हात थांबत नव्हते, राणीसाहेब. समोर अधू माणूस बसलाय आणि हा बोटांनी हवेतच दोर वळतोय! ज्याला केल्याचं काही वाटत नाही, त्याला लवकर दार कशाला दाखवायचं?"

"हात का चालतात, हे त्याला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? गाठी मारायचा अधिकार माझा आहे." असं म्हणताना न्यायाधीश बोटातली अंगठी गरागरा फिरवत होते.

राणी अंगठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी इतकं गंभीर विचारतेय आणि तुमचा खेळ चाललाय. दहा महिने दरबारात पाऊल टाकायचं नाही."

न्यायाधीशांचा चेहरा पडला. "राणीसाहेब, निदान विचारा तरी! मन घाबरं झालं की माझा हात आपोआप अंगठीकडे..."

वाक्य अर्ध्यातच राहिलं. मला या न्यायाधीशांचं एवढं मात्र आवडतं, की त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. राणीनंही आपला हुकूम हसून मागे घेतला.

खटला पुन्हा उभा राहिला. या वेळी न्यायाधीशांनी भर कचेरीत दोराला दहा सुरगाठी मारल्या, एका ओढीत सुटणाऱ्या. "माझ्या मनात दहा आहेत. कारण तुझे हात. आता तू बोल."

"तीस वर्षं दोर वळतोय, महाराज. भीती वाटली की हात सुरू होतात. मला कळतसुद्धा नाही." मग तो आईबद्दल बोलला आणि बोलता बोलता रडला.

न्यायाधीशांनी विहीर खणणाऱ्यालाही विचारलं. तो म्हणाला, "हातांचं सोडा. पण वाख कुजलेला आहे हे यानं डोळ्यांनी बघितलं होतं. तेवढं विसरू नका."

न्यायाधीशांनी दोन गाठी ओढून सोडल्या आणि उरलेल्या आठ घट्ट आवळल्या. "हातांच्या दोन सुटल्या. सातावरची एक मात्र राहील, कारण तू जाणूनबुजून केलंस."

आठ वर्षं काही थोडी नव्हेत. पण दोरवाल्यानं दोर नीट पाहिला आणि म्हणाला, "या गाठी माझ्या."

तेव्हापासून त्या राज्यात आधी सुरगाठ दाखवल्याशिवाय कुणी निरगाठ मारली नाही.

आणि आई? आठव्या वर्षी शेवटची गाठ सुटली, दोरवाल्यानं सुटका मागितली, ती मिळाली, तेव्हा म्हातारी तुरुंगाच्या दारातच बसली होती. तिला आता दिसत नव्हतं. तिनं तो दोर मागून घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. बोटांना एकही गाठ लागली नाही, तेव्हा कुठे तिनं लेकाचा हात धरला.

तात्पर्य: ज्याच्या आयुष्याला गाठ मारायची, त्याला ती आवळण्याआधी दाखवावी आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं.