शितळादेवीची परवानगी

"जोवर शितळादेवी स्वतः टोचून घेत नाही, तोवर माझ्या राज्यात कुणीही टोचून घ्यायचं नाही!" असा हुकूम वाघोडे संस्थानच्या रणधीररावांनी सोडला, आणि लस घेऊन आलेला डॉक्टर पेटी मांडीवर धरून वेशीबाहेरच बसून राहिला.

नदीपलीकडच्या गावात साथ शिरली होती. या आजाराचं नावच देवी. तो झाला की आजारी पडलो म्हणायचं नाही, घरात देवी आली म्हणायचं. आणि लस टोचली की देवी काढली म्हणायचं. राजपुरोहित नृसिंहशास्त्र्यांनी नेमकं तेच धरून ठेवलं. देवी आपल्या पायांनी घरी येते आहे आणि हे तिला काढायला निघाले, असं त्यांनी महाराजांच्या मनात भरवलं. शास्त्रीबुवांचे शांतीचे होम तेव्हा जोरात चालले होते. त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. निदान शास्त्रीबुवा तरी तसं सांगत. महाराज माणूस म्हणून वाईट नव्हते, पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हाळसा ही गावच्या सोनाराची सून. तिची लेक अजून रांगत होती. त्यात डॉक्टर म्हणत होता की लस उन्हाने नासते, संध्याकाळपर्यंत वाट पाहून मी परत जाणार. नवऱ्याने समजावलं की सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. म्हाळसाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, पोर कडेवर घेतली आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, देवीने टोचून घेतलं तर आम्हाला मोकळीक आहे ना?"

"आहे. शब्द आहे माझा. पण ती घेईल कशी?"

"घेतलंय, महाराज. आपल्या जन्माच्या वेळेलाच."

दरबारात कुजबुज सुरू झाली. म्हाळसाने घरात ऐकलेली हकिगत सांगितली. महाराज पोटात असताना आईसाहेबांनी देवीला नथ बोलली होती. मुलगा झाला, नथ घडली. पण देवीच्या चांदीच्या मुखवट्याला नाकात भोकच नव्हतं! तेव्हा म्हाळसाच्या आजेसासऱ्यांना बोलावणं गेलं आणि त्यांनी मुहूर्तावर देवीचं नाक टोचलं. मंत्र म्हणायला शास्त्रीबुवांचेच वडील होते. नवरात्रात देवी तीच नथ घालून पालखीत मिरवते, हे तर सगळ्या गावाने पाहिलेलं.

"देवी रागावली असती, तर महाराज आज गादीवर दिसले नसते," म्हाळसा म्हणाली.

महाराजांचा हात नकळत मिशीवर गेला. शास्त्रीबुवा मात्र तावातावाने उठले.

"ते टोचणं दागिन्यासाठी! हा डॉक्टर देवीची वाट अडवायला टोचतो. सोनाराने कान टोचावेत, आम्हाला शास्त्र शिकवू नये."

"म्हणूनच आले, शास्त्रीबुवा. कान सोनारानेच टोचावे लागतात."

महाराजांनी हसू दाबलं. म्हाळसा पुढे म्हणाली, "आणि वाट कोण अडवतंय? टोचलं की हातावर फोड येतो, अंगात कणकण येते. म्हणजे देवी येतेच की! हळदीकुंकू घेते, ओटी घेते आणि आपल्या घरी जाते. तुमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाटेला लावता, का पोरांच्या उरावर मुक्कामाला बसवून घेता?"

आता मात्र महाराज खो खो हसत सुटले. देवीची परवानगी मिळाली, हुकूम संपला, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मग ते म्हणाले, "पोरी, बक्षीस माग. साडीचोळी, दागिना, काय हवं ते."

"दंड हवा, महाराज."

"बक्षीस माग म्हणतो तर दंड मागतेस? कुणाचा दंड?"

"आपला. डावा," म्हाळसा म्हणाली. "डॉक्टर वेशीबाहेर बसलाय. नुसत्या दवंडीने लोकांची भीती जायची नाही. महाराजांनी आधी दंड दिला, तर कुणाचं पोर मागे राहणार नाही."

महाराजांचं हसू जरा बारीक झालं. सुईच्या नुसत्या विचारानेच त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पण शब्द गेला होता! त्यांनी डॉक्टरला आत बोलावलं, अंगरख्याची बाही वर केली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

तोवर वाऱ्याची दिशा ओळखून शास्त्रीबुवांनी पंचांग उघडलं होतं. टोचण्याला आत्ताचाच मुहूर्त अगदी उत्तम आहे, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं.

महाराजांनी एक डोळा उघडला. "मग तो वाया कशाला घालवायचा?" ते म्हणाले. "डॉक्टर, माझ्यामागून या सोनारणीची पोर घ्या. सोनारणीला साडीचोळी आणि सोन्याचं कंकण माझ्याकडून. आणि लगेच पुढचा दंड शास्त्रीबुवांचा!"