कंठखिंडीतले ऊबघर

एका राज्यात रस्ते नव्हते. होती एक तांबडी नदी आणि नदीवरून उडणारी निरोपी पाखरे. पाखरू साऱ्या राज्यावरून जाई, पण ज्या घराची खिडकी त्याच्या पंखांच्या मापाची असे, तिथेच शिरे. त्या राज्यात एक नियम होता आणि तो शलाका नावाच्या मुलीला पाळण्यातच ऐकवला होता: शिखरावरच्या वडीलधाऱ्यांच्या वाटाण्याएवढ्या महालातून हुकूम आला, की ‘मान्य’ म्हणायचे. उलट निरोप धाडायचा नाही. का, ते विचारायचे नाही.

शलाकेची आई कंठखिंडीतल्या ऊबघराची राखणदारीण. समुद्राच्या क्षारातून ती घरोघर ऊब नेणारी ऊबपाखरे घडवी. मूठभर ऊबपाखरांवर सारे राज्य जागे राही. पण एके वर्षी समुद्राचे दार बंद झाले आणि नदीवाटे येणारे क्षाराचे तांडे येईनासे झाले. राज्य गारठले. माणसे बोलता बोलता पेंगू लागली, त्यांचे केस गळाले, आवाज घोगरे झाले.

शिखरावरून पहिले पाखरू आले. वडीलधाऱ्यांच्या आवाजात बोलले, “ऊब वाढवा.”

“मान्य,” आई म्हणाली. तत्क्षणी पाखराचा दगड झाला आणि भिंतीत जाऊन बसला. भिंत आत-बाहेर दोन्ही अंगांनी हातभर फुगली. त्या घराला शापच तसा होता: पाळता न येणाऱ्या हुकमाला ‘मान्य’ म्हटले, की त्याचा दगड होई.

“आई, कणगीत क्षाराचा खडा नाही. मान्य काय म्हणतेस?”

“मोठ्यांना नाही म्हणू नये, बाळ.”

दुसरे पाखरू आले. “आणखी वाढवा.” आईने रिकामी कणगी खरवडली आणि “मान्य” म्हणाली. घर गलगंडासारखे खिंडीबाहेर लोंबू लागले. आत आईच्या छातीला दगड टेकला.

तिसरे पाखरू आले तेव्हा आईला आवाज उरला नव्हता. नुसते ओठ हलले, त्याच शब्दासाठी. शलाकेने त्यांवर हात ठेवला.

“ऊबघर आळसावले,” पाखरू कडाडले. “राखणदारीण बोलत का नाही?”

“तिचा श्वास तुमच्या हुकमांखाली अडकलाय. मी तिची मुलगी बोलते आहे.”

“मग म्हण मान्य, पोरी.”

“नाही.”

“नियम आहे—”

“ऐकलाय. तुम्ही मात्र आजवर काहीच ऐकले नाही. इथे क्षार नाही. समुद्राचे दार तुमच्या हाती आहे, ते उघडा. ऊब पुरली की मी कळवीन, तेव्हा हुकूम थांबवा. हा माझा उलट निरोप.”

पाखराचा दगड झाला नाही. भिंतीतले दगड पुन्हा पाखरे होऊन पंख झटकून उठले आणि निरोप घेऊन शिखराकडे उडाले. आईच्या छातीत हवा शिरली. दूर कुठेतरी समुद्राचे दार करकरले.

तिसऱ्या पाखराने चोच मिटली आणि तेही त्यांच्यामागे शिखराकडे निघाले.