महाबलीला जोड हवी

एकदा एक तरुण दिग्दर्शक पडलेला चेहरा घेऊन आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. लहानपणी चित्रकथांत वाचलेल्या एका महाबली नायकावर त्याने पटकथा लिहिली होती. निर्मात्याने ती शाळकरी मुलांना वाचून दाखवायला लावली, तर मुले जांभया देऊ लागली. आता लवकर नवी पटकथा दिली नाही, तर चित्रपट दुसऱ्याच्या हाती जाणार होता.

"गुरुजी, मी काय कमी ठेवलं? पुस्तकात तो दमायचा, त्याला लागायचं. मी तेही काढून टाकलं. माझ्या नायकाला ओरखडासुद्धा उठत नाही!"

"अगदी तीट लावून जपलंस की रे त्याला!" गुरुजी हसले. "ऊठ, गावच्या यात्रेला जाऊ."

गुरुजी तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यामुळे यात्रेतल्या कुस्त्यांच्या जोड्या ठरवण्याचा मान त्यांचा असे. त्या दिवशी मात्र त्यांनी भलतेच केले. पंचक्रोशीतल्या सर्वांत बलवान पैलवानासमोर त्यांनी एक काटकुळा, नवखा गडी उभा केला. सलामी झाली न झाली तोच गडी चितपट! कुणी टाळी वाजवली नाही. खुद्द पैलवानाचा बाप शेंगा फोडत शेजाऱ्याशी बैलांच्या गोष्टी करत होता.

"ही काय जोड हाय व्हय, गुरुजी?" लोक चिडले. शिष्यालाही गुरूंची लाज वाटली.

गुरुजींनी शांतपणे शेजारच्या गावचा तोडीस तोड मल्ल बोलावला. दोघे भिडले आणि सारे मैदान उठून उभे राहिले. आपला पैलवान खाली गेला. त्याची पाठ मातीला लागणार, एवढ्यात बाप ओरडला, "पाठ टेकू नगंस, लेकरा!" हातातल्या शेंगा कधी सांडल्या, हे त्याला कळलेही नाही. कुस्ती अखेर बरोबरीत सुटली. बापाने लेकाला मारलेली मिठी मात्र सुटता सुटेना.

परतताना गुरुजी म्हणाले, "दोन्ही कुस्त्यांत पोराचं बळ तेवढंच होतं. गुंजभरही घटलं नव्हतं. पण बापाचा जीव खालीवर झाला तो दुसऱ्या कुस्तीत. तुझ्या नायकाला खुशाल डोंगर उचलू दे. फक्त त्याच्यासमोर असं काही ठेव, की त्याचं बळ पुरेल की नाही याची धास्ती वाटावी. धास्ती नसली की लोक शेंगा खातात."

"पण गुरुजी, त्याला खाली पाडायला हात धजत नाही. लहानपणापासून जीव आहे माझा त्याच्यावर."

"आणि त्या बापाचा पोरावर नव्हता?" गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन शिष्याने पटकथेतला शेवटचा प्रसंग पुन्हा लिहायला घेतला. त्यात नायक कोसळता पूल एका हाताने, हसत हसत तोलून धरत होता. त्याने ते हसू खोडले. आता नायकाचे दोन्ही हात पुलाला लागले, गुडघे टेकले, आणि पुलावर अजून माणसे होती. लिहिता लिहिता त्याच्या स्वतःच्याच छातीत धस्स झाले.