इसरूच्या नावानं घरोघरी पाखरू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा झाडीपट्टीत घरं थोडी होती, तळी पुष्कळ होती, आणि पाखरांची तर मोजदादच नव्हती. पळसतळं नावाच्या गावात इसरू नावाचा ढिवर राहत होता. ढिवर म्हणजे मासे धरणारा. पण इसरूचं जाळं बहुतेक वेळ त्याच्या खांद्यावरच सुकत असे, कारण तळ्यावर गेला की तो मासे धरायचं विसरून त्यांच्याकडे बघतच बसे.

आणि नुसते मासेच कशाला? सुगरण घरट्याची पहिली गाठ कशी मारते, कमळपक्ष्याचं पिल्लू पानावरून कसं धावतं, बेडूक गिळताना डोळे का मिटतो, सगळं त्याला बघायचं असे. तो इतका निवांत बसायचा, की खंड्या त्याच्या डोक्यावरून मासळीवर झेप घ्यायचा, असं म्हणतात. एकदा पाणकोंबडीनं त्याच्या मांडीला बेट समजून तिच्यावर अंडी घातली. पिल्लं बाहेर येईपर्यंत इसरू हलला नाही, आणि बायको कमरभर पाण्यात उभी राहून त्याला भात भरवत होती, असंही म्हणतात.

त्याला एकच लेक होती, भागरता. चालायला लागल्यापासून ती बापाच्या शेजारी चिखलात पालथी पडलेली असायची.

"बा, पायाला जळू लागली!" ती ओरडायची.

"पिऊ दे वो माय," इसरू म्हणायचा. "तिलाही जेवण लागते. कशी पिते ते बघ आधी."

मग दोघं मिळून जळूचं जेवण बघायची. असं करता करता भागरता मोठी झाली, आणि तळ्यावरच्या प्रत्येक पाखराचा आवाज तिला बापासारखाच काढता येऊ लागला.

पुढं एका हिवाळ्यात, उत्तरेकडची पाहुणी बदकं तळ्यावर उतरली त्याच दिवशी, म्हातारा इसरू त्यांच्याकडे बघता बघता गेला. सारसांची जोडी त्याच्या तिरडीबरोबर मसणवटीपर्यंत चालत आली, असं म्हणतात.

त्यानंतर पावसानं डोळे वटारले. आजूबाजूची तळी आटली, पण पळसतळ्याचं पाणी टिकून राहिलं. गाव म्हणू लागलं, ही इसरूचीच कृपा. उरकुडा पाटलानं तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली एक धोंडा बसवला, त्याला शेंदूर फासला आणि सांगितलं, "हा आपला इसरूदेव."

लोक येता-जाता हात जोडू लागले. भागरताला पहिल्यांदा बरंच वाटलं. बापाला हसणारी माणसं आता त्याच्या नावानं नारळ फोडत होती. पण एका सकाळी पाटील वाजतगाजत आला, आणि त्याच्या काखेत एक तांबडा कोंबडा होता. ज्या बापानं अंगावरचा डाससुद्धा कधी मारला नाही, त्याच्या नावानं आता मान कापणार?

ती धोंड्याच्या पुढं आडवी उभी राहिली.

"पाटीलबाबा, कोंबडा सोडा."

"काहून? देवाचा मान आहे तो."

"माझा बा देव नव्हता. चिखलात लोळणारा माणूस होता. अजून थोडे दिवस गेले, की तुमाले हा धोंडाच आठवन, माझा बा नाही आठवणार."

"बाजूला हो पोरी," पाटील म्हणाला. "पाऊस पायजे का नको गावाला?"

लोक पाटलाच्या बाजूनं बोलू लागले. रडू येऊ नये म्हणून भागरतानं तोंड उघडलं, तर बापानं शिकवलेली सारसाची हाक बाहेर पडली. मग बगळ्याची, ढोकरीची, बदकांची, एकामागून एक. ढोल थांबले. म्हातारी माणसं दचकून बघू लागली, कारण आवाज हुबेहूब इसरूचा होता.

आणि तळ्यावरून उत्तर आलं.

आटलेल्या तळ्यांवरची सगळी पाखरं तेव्हा इथंच गोळा झाली होती. ती उठली तेव्हा ऊन झाकलं गेलं, असं म्हणतात. ती मोहावर बसली, पाळीवर बसली, धोंड्यावर बसली, आणि बसल्यावर पाखरं जे करतात तेच त्यांनी केलं. बघता बघता शेंदरी देव चुन्यासारखा पांढरा झाला. एक बगळा तर थेट पाटलाच्या पागोट्यावर उतरला. पाटील मान न हलवता डोळे वर करून म्हणाला, "ही कोणती बया बसली वो माझ्यावर?"

गाव पोट धरून हसलं. पाटीलही हसला, आणि त्या गडबडीत कोंबडा काखेतून निसटून पळाला.

हसू ओसरल्यावर पाटलानं हळूच विचारलं, "मग बाई, तुझ्या बापाची आठवण आम्ही ठेवायची तरी कशी?"

भागरता म्हणाली, "बा सगळ्या जिवांची विचारपूस करायचा. तुम्ही दर घरानं एकाची करा."

मग वाटणी सुरू झाली. बगळा पाटलाकडे गेला, त्यानं आपली जागा निवडलीच होती. गावभर भांडणारी सारजा म्हणाली, "मले टिटवी द्या, आमचं जमन." कुणी खंड्या घेतला, कुणी बेडूक, कुणी काजवा. जळू कुणीच घेईना, ती भागरतानं स्वतःकडे ठेवली. सारसांवरून मारामारीची वेळ आली, तेव्हा ते सगळ्या गावाचे ठरले. पाऊस त्यानंतर आला, पण तो त्याच्या वेळेला आला, असं भागरता सांगायची.

ती रोज सकाळी दारोदार फिरायची आणि ज्याच्या त्याच्या पाखराची खुशाली विचारायची. पहिल्या पहिल्यांदा लोक काहीतरी ठोकून द्यायचे, मग खरंच बघू लागले.

एका वैशाखात सारजा भर उन्हात धावत आली. "भागरते, माझी टिटवी येडी झाली! तळ्यात पोट बुडवते, ओलीच पळत येते नि अंड्यावर बसते!"

भागरता तिच्याबरोबर गेली. दोघी तापल्या मातीवर पालथ्या पडल्या. टिटवी आली, पोटाची पिसं ठिबकत होती. ती अंड्यांवर बसली आणि अंडी गार झाली.

"बानं हे कधी सांगितलं नाही," भागरता पुटपुटली. "त्याला माहीतच नव्हतं." बापाला सांगायला तिनं शेजारी मान वळवली, तर तिथं सारजा होती, धुळीनं माखलेली, तोंडाचा आ वासून बघणारी. भागरताचे डोळे भरून आले. "सारजे," ती म्हणाली, "अगदी बासारखी दिसतेस वो!" आणि दोघी इतक्या हसल्या, की टिटवी ओरडत उठली.

भागरता खूप म्हातारी होऊन गेली. शेवटी तिच्या उशाशी तळ्यावरची सगळी पाखरं पाळीपाळीनं येऊन गेली, असं म्हणतात.

पळसतळ्यात आजही बारशाला बाळाच्या कानात नावाबरोबर एका जिवाचं नाव सांगतात, आणि ते बाळ जन्मभर त्याचं राखणदार असतं. नवी सून आली की माहेरचं पाखरू सांगते आणि सासरचं एक निवडते. आणि गावात कुणी पाहुणा आला, तर त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी ओसरीवरची म्हातारी विचारते, "येताना तळ्यावर काय दिसलं?" पाहुणा म्हणाला, "काही नाही," तर ती चहाचं आधण खाली उतरवते आणि म्हणते, "मग इसरूच्या नावानं एकदा बघून या. आम्ही थांबतो."